प्रश्न नको, कागद मागा

तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करायला आलेला माणूस बहुतेक वेळा आधी विचारतो, "शंभरचा बाँड लागतो का?" नाही लागत. 'जोडपत्र अ'चा नमुना आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, बस्स. दारिद्र्यरेषेखालचा पुरावा जोडला तर तेही दहा रुपये माफ.

सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर सिंदफणेकाठची माणसं जास्त यायला लागली. त्यातले एक काका म्हणाले, "शेजाऱ्याला अनुदान आलं, मला कामून नाही? एवढंच लिव्हा." एवढंच लिहिलं असतं तर उत्तर ठरलेलं: प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. रागावण्यात अर्थ नाही, कायदाच तसा आहे. 2005 च्या या कायद्यानं कार्यालयात असलेला अभिलेख मिळतो. नवा खुलासा तयार करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. म्हणून त्या 'कामून'चं उत्तर ज्या कागदात असेल, तो कागद मागायचा.

काकांच्या अर्जात मी लिहिलं: अमुक गट नंबरच्या पीक नुकसानीच्या पंचनाम्याची प्रत. गावच्या बाधित शेतकऱ्यांच्या यादीची प्रत, क्षेत्र आणि रकमेसह. व्हीके नंबर, म्हणजे अनुदानाच्या ई-केवायसीसाठी शेतकऱ्याला मिळणारा विशिष्ट क्रमांक, दिलेल्या यादीची प्रत. कालावधी तारखा टाकून. खरं तर अनुदानाच्या लाभार्थ्यांची माहिती कार्यालयानं आपणहून जाहीर करायची, असं कलम 4 सांगतं. असो.

काकांना त्यातच पाणंद रस्त्याचंही घालायचं होतं. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जाला एकच विषय आणि साधारण 150 शब्द. काका जरा रुसले. माहिती कशासाठी हवी, हेही मी लिहू दिलं नाही. कलम 6(2) प्रमाणं कारण सांगावं लागत नाही, मग उगीच वादाला तोंड कशाला फोडायचं?

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्याच. "साहेब नाहीत, उद्या या" म्हणाले तर सरळ स्पीड पोस्टानं पाठवा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी योग्य ठिकाणी 5 दिवसांत वर्ग करणं त्यांचं काम.

मुदत 30 दिवसांची. प्रतीला पानामागं 2 रुपये. कधीकधी मुद्दाम "चार हजार पानं आहेत, आठ हजार भरा" असं पत्र येतं. तेव्हा घाबरून गप्प बसू नका, अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पहिला तास फुकट असतो. बसून हवी ती पानं टिपून घ्यायची आणि तेवढ्याच प्रती मागायच्या. मुदत उलटून गेली तर प्रती मोफत द्याव्या लागतात, हेही पत्रात लिहावं.

उत्तरच आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संभाजीनगर खंडपीठाकडं दुसरं. पण तिथं तारीख लागायला फार थांबावं लागतं, म्हणून पहिल्या अर्जावरच जास्त डोकं लावावं असं माझं मत.

काकांना कागद मिळाले. पंचनाम्यात क्षेत्र बरोबर, यादीत गटही होता, पण नाव वारलेल्या वडलांचं. वारसाचा फेर झालेला असूनही यादी जुन्याच नावानं गेलेली. काका फेरफाराची नक्कल घेऊन तलाठ्याकडं गेलेत. परत आल्यावर पाणंद रस्त्याचा अर्ज लिहू म्हणालेत.