आमची वाटचाल: लेबलवरच्या आकड्यांच्या सोबतीने

भाड्याने तंबू आणि स्लीपिंग बॅगा देण्यापासून आमची सुरुवात झाली. पुढे विक्री आली आणि बऱ्याच नंतर प्रस्तरारोहणाचं साहित्य. धंदा कसा वाढला, यापेक्षा काय ठेवायचं आणि काय नाकारायचं हे कशावरून ठरत गेलं ते मला सांगायचं आहे. ते ठरत गेलं लेबलवरच्या आकड्यांवरून. यातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी चाचणीत निघालेला असतो. ती चाचणी माहीत नसेल, तर आकडा जितका मोठा तितकी वस्तू चांगली, एवढंच माणूस धरून चालतो.

पहिली तक्रार स्लीपिंग बॅगांची आली. "शून्य अंश लिहिलंय, पण पाच अंशातच रात्रभर कुडकुडलो," असं लोक बॅग परत करताना सांगायचे. बॅगेत खोट नव्हती. ईएन १३५३७ हे युरोपीय मानक २००२ मध्ये आलं, आता त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली आहे. या चाचणीत तापवलेला, सेन्सर लावलेला पुतळा बॅगेत झोपवतात आणि त्यावरून तापमानं काढतात. 'कम्फर्ट' म्हणजे सर्वसाधारण स्त्री सैलावून झोपू शकेल ते तापमान. 'लिमिट' म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून, जेमतेम न कुडकुडता रात्र काढेल ते. आणि 'एक्स्ट्रीम' म्हणजे जीव वाचेल, पण शरीर गारठून धोका होऊ शकेल ते. आमच्या बॅगांवरचं शून्य लिमिटचं होतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक बॅगेला कम्फर्टचा आकडा ठळक लिहून लावतो. एकच तापमान छापलंय आणि ते यांपैकी कोणतं याचा पत्ता नाही, अशा बॅगा घेणं बंद केलं. त्यामुळे काही स्वस्त माल हातचा गेला, त्याचं वाईट वाटलं नाही.

त्याच चाचणीतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: पुतळ्याच्या खाली मॅट असते. अंगाखाली बॅगेचं भरण दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि जमिनीचा गारवा थेट वर येतो. म्हणून मॅटशिवाय बॅगेवरच्या आकड्याला अर्थच उरत नाही. मॅटचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू, मॅट उष्णता किती अडवते त्याचं माप. पूर्वी प्रत्येक कंपनी ती आपापल्या पद्धतीने मोजायची, त्यामुळे दोन मॅटांची तुलना करणं अवघड होतं. २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० हे मानक आलं आणि सगळ्यांना एकच मोजपट्टी मिळाली. या आकड्यांची सरळ बेरीज होते. २ ची फोमची मॅट खाली आणि २.५ ची हवेची वर टाकली की ४.५. आमच्याकडे बॅग भाड्याने मॅटसकटच मिळते, नुसती मिळत नाही.

तंबूच्या कापडावर १५०० मिमी किंवा ३००० मिमी असं लिहिलेलं असतं. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहिला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. छतावरून पाऊस ओघळून जातो. तळाच्या कापडावर मात्र माणूस गुडघा टेकतो, तेव्हा ओल्या जमिनीला टेकलेल्या त्या कापडावर फार मोठा दाब येतो, म्हणून तळाचा आकडा आधी पाहावा. शिवणीला आतून टेप नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी येणारच, मग कापड कितीही भारी असो. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून धाग्याची जाडी कळते, पाणी अडेल की नाही ते कळत नाही.

जे कुठल्याच लेबलवर नसतं ते आम्हाला परत आलेल्या तंबूंनी दाखवलं. ओलाच गुंडाळून महिनोन्‌महिने ठेवलेला तंबू उघडला की आधी आंबूस वास येतो. मग आतली बाजू बोटांना चिकटते आणि घडीवर घासलं की पातळ पापुद्रे सुटतात. पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने विघटित होतो, त्याची ही खूण. असा तंबू वरून नवाकोरा दिसत असला तरी पावसात टिकत नाही. म्हणून परत आलेला प्रत्येक तंबू आम्ही दोरीवर वाळवतो आणि कोरडा झाल्यावरच गुंडाळतो.

प्रस्तरारोहणाच्या साहित्याला हात घालायला आम्ही वेळ घेतला. तंबू गळला तर माणूस भिजतो. इथे थेट जिवाशी गाठ. कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची, उघडझाप होणारं गेट असलेली धातूची कडी. त्याच्या कण्यावर तीन आकडे कोरलेले असतात, समजा २२, ८ आणि ७. हे किलोन्यूटन. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलोंचा भार. २२ म्हणजे दोन टनांहून जास्त, हे ऐकून नवखा माणूस निर्धास्त होतो. पण तो आकडा लांबीच्या दिशेने आणि गेट बंद असतानाचा. कॅराबिनर आडवा फिरला किंवा खडकाला घासून गेट उघडलं, की ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. आम्ही कॅराबिनर हातात देतो, तो आडवा धरायला लावतो आणि मग उरलेले दोन आकडे वाचायला सांगतो.

दोर मागायला कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: लीड करणार (म्हणजे दोर सोबत नेत सगळ्यात पुढे चढणार) की नुसतं रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं)? लीडला डायनॅमिकच दोर लागतो, कारण पडणाऱ्याचा झटका तो ताणून पोटात घेतो. स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही, त्यामुळे तो झटका थेट माणसावर आणि अँकरवर, म्हणजे दोर जिथे बांधलाय त्या आधारावर, येतो. दोन्ही दोर दिसायला सारखे असू शकतात. म्हणून टोकाची पट्टी वाचायची: वर्तुळात १ असेल तर तो एकेरी वापरायचा डायनॅमिक दोर. त्यावर लिहिलेली 'फॉल'ची, म्हणजे पडण्याची, संख्या पाहून, तेवढ्या वेळा पडलं की दोर संपला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एकेरी दोराच्या चाचणीत ८० किलोंचं वजन सुमारे १.७ फॉल फॅक्टरने पुन्हा पुन्हा पाडतात आणि दोराने असे निदान ५ झटके सोसायला हवेत. फॉल फॅक्टर म्हणजे पडण्याची लांबी भागिले सोडलेला दोर. चार मीटर पडलात आणि दोर दोनच मीटर सुटलेला असेल तर फॅक्टर २, सगळ्यात वाईट. तेच चार मीटर वीस मीटर दोरावर पडलात तर ०.२. पडणं तेवढंच, पण फॅक्टर दहापट कमी आणि मारही बराच सौम्य.

हे उमगल्यावर दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आणि स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) भाड्याने द्यायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं. आधीच्या माणसाने त्या दोरावर काय सोसलं, तो कोणत्या धारेवर घासला, कुठल्या रसायनाजवळ ठेवला होता, हे बाहेरून कळत नाही. मागणी भरपूर आहे, गट येऊन विचारतात, तरी आमचं उत्तर बदललेलं नाही. विकलेल्या प्रत्येक दोरासोबत एक कार्ड देतो. त्यावर खरेदीची तारीख, मोठे फॉल आणि प्रत्येक तपासणी लिहायची. काही जण ते कार्ड घेऊन परत येतात आणि आम्ही मिळून दोर हातभर हातभर चाचपून बघतो, आवरणाखाली गाभा कुठे मऊ लागतोय का.

सध्या हेल्मेटचं काम हाती घेतलं आहे. सायकलचं हेल्मेट चालेल का, हा प्रश्न वारंवार येतो. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचं मानक ईएन १२४९२. त्यात वरून पडणाऱ्या वस्तूचा मार आणि टोकदार वस्तू आत घुसण्याची चाचणी असते. सायकलच्या ईएन १०७८ मध्ये घुसण्याची चाचणी नाही. दोन्ही हेल्मेटं शेजारी ठेवून, आतली लेबलं दिसतील अशी एक फळी आम्ही तयार करतो आहोत.