पुंगळ्यांमध्ये पाणी भरून बघितलं

गेल्या महिन्यात ६०० यार्डांवरचं टार्गेट बघून डोकंच फिरलं. मी इथे टेक्सासमध्ये .३०८ रायफलची काडतुसं घरीच भरतो, झाडलेल्या पितळी पुंगळ्या परत वापरून, त्या दिवशी १०० यार्डांवर सगळी भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी, म्हणून खुशीत लांबच्या टार्गेटवर गेलो तर तिथे दोन वेगळे पुंजके, एक वर एक खाली, मध्ये चारेक इंच मोकळं. वाऱ्याने आडवं नेलं असतं, हे तर सरळ उभं होतं.

घरी येऊन डबा उपडा केला. निम्म्या पुंगळ्या रेंजवर वेचलेल्या लष्करी, निम्म्या दुकानातल्या साध्या. पावडर, गोळी, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) सगळं तेच. पण लष्करी पितळ जाड असतं, बाहेरचं माप सारखंच म्हणजे जाडी आतली जागा खाते, आणि तेवढीच पावडर कमी जागेत जळली की प्रेशर वाढतं, वेगही वाढतो. १०० यार्डांवर हे कळतच नाही, पुढे मात्र गोळी किती खाली येणार ते वेगावरच.

मग वजनं केली, लष्करी पुंगळी सोळा-सतरा ग्रेनने (ग्रेन म्हणजे वजनाचं बारीक माप) जड निघाली. पण एकाच कंपनीच्या पुंगळ्यांत एक-दोन ग्रेन इकडेतिकडे झाले म्हणून वेगळ्या काढत बसणं मला वेळ घालवणं वाटतं, कारण ते जादा पितळ बुडाच्या खाचेतही असू शकतं, आतल्या जागेशी त्याचा संबंधच नाही. आणि पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, म्हणजे एक ग्रेन पितळाने जागा जाते ती जेमतेम अष्टमांश ग्रेन पाण्याची. त्यापेक्षा झाडलेली पुंगळी, जुना प्रायमर तसाच ठेवून, ड्रॉपरने काठोकाठ भरायची आणि वजन करायचं. (ड्रॉपर मुलीच्या औषधाचा, बायकोला अजून पत्ता नाही.) माझ्या दोन गटांत दोन ग्रेन पाण्याचा फरक आला, झालं, चोर सापडला.

आपल्या कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ आणलं त्या .२२ रायफलमध्ये ही भानगडच नाही, ती काडतुसं परत भरताच येत नाहीत, वेगवेगळे लॉट झाडून आपल्या रायफलला जमेल तो निवडायचा.

आता लष्करीवाल्यांचा डबा वेगळा केलाय आणि पावडर बरीच कमी करून पहिल्यापासून चढवत आणतोय. नेकचं (पुंगळीचं तोंड, जिथे गोळी बसते) काम मात्र अजून बाकी आहे, चार-पाचदा झाडून पितळ कडक झालंय, गोळी बसवताना कुठली घट्ट जाते कुठली सुळकन, ते हातालाच कळतं.