ऐकणारं घर

आपल्या गावच्या मदरशाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर मागताना समितीने विषयही दिला होता : दीनी तालीम (धार्मिक शिक्षण) आणि हिफ्ज (संपूर्ण कुरआन तोंडपाठ करणं) यांचं मुलांच्या आयुष्यातलं महत्त्व. मी याच मदरशात शिकले, इथेच हाफिजा, म्हणजे संपूर्ण कुरआन पाठ असलेली, झाले. पुढे बी.एस्सी., बी.एड. केलं. आता मुंब्र्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि संध्याकाळी घरी मुलींचा कुरआन ऐकते. दोन्ही कामं करताना जे कळत गेलं, तेच लिहिते. माझं सांगणं थोडक्यात असं : कुरआन पाठ करून घेणं हे मदरशाचं काम, पण तो पाठ राहावा हे घराचं काम. पहिल्या कामासाठी आपल्या गावाने पन्नास वर्षं पैसा, वेळ, माणसं दिली. दुसऱ्या कामाकडे आपलं पुरेसं लक्ष नाही, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या वेळी मुलगे फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर बसत आणि शाळेच्या घंटेच्या आत सुटत. मुलींचा वर्ग असरच्या (दुपार उतरतानाच्या) नमाजनंतर, आमच्या शिक्षिका आपांकडे. ओळीने रेहल (कुरआन ठेवायचे लाकडी स्टँड) मांडलेले, जुज्दानांची (कुरआनच्या कापडी वेष्टणांची) गाठ सोडायची घाई, आणि खाडीकडून येणारा वारा पानं उलटवतो म्हणून डाव्या हाताने पान दाबून धरायची सवय. सुरुवात नूरानी कायद्यापासून, म्हणजे अरबी अक्षरं आणि उच्चार शिकवणाऱ्या पहिल्या पुस्तकापासून. ज्यांनी कायदा नीट केला नाही त्यांचं पुढचं सगळं वाचन कच्चं राहतं, हे मी आज शिकवताना रोज पाहते.

आपा उच्चाराच्या बाबतीत कधीच हयगय करू देत नसत. देवनागरीत नुक्ता देऊन आपण एकच 'ज़' लिहितो. अरबीत तिथे चार वेगळी अक्षरं आहेत. ज़ालला जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लागतं. ज़ेला ते खालच्या दातांशी राहतं आणि बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. ज़ोयला टोक पुन्हा वरच्या दातांशी, पण जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचललेला. आणि ज़्वादसाठी जिभेची कड वरच्या दाढांना टेकवायची. आपा हातआरसा घेऊन बसत. एकेकीला जवळ बोलावून, तोंड उघडायला लावून, जीभ कुठे जाते ते तिचं तिलाच दाखवत. सूरह फातिहाच्या, म्हणजे कुरआनच्या पहिल्या अध्यायाच्या, शेवटच्या आयतीतला (वचनातला) तो ज़्वाद सुधारेपर्यंत पुढचा धडा मिळत नसे. फातिहा नमाजच्या प्रत्येक रकातीत (फेरीत) वाचायची असते, तीच चुकली तर काय राहिलं, असं त्या म्हणत. शाफई मजहबाच्या (इस्लामी कायद्याच्या एका परंपरेच्या) मुलींना तर इमामामागेही ती स्वतः वाचावी लागते.

हिफ्जला बसलेल्या मुलाचा दिवस कसा जातो, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. सबक म्हणजे आजचा नवीन भाग. सबकपारा म्हणजे चालू पाऱ्यातलं (कुरआनच्या तीस भागांपैकी चालू भागातलं) आजवर झालेलं सगळं. आणि आमुख्ता म्हणजे मागचे पूर्ण झालेले पारे, रोज थोडे थोडे फिरवून. ज्यांना वाटतं की मुलाने आज अर्धं पान पाठ केलं म्हणजे दिवस झाला, त्यांनी आमुख्त्याच्या वेळी येऊन बसावं. दिवसातला सर्वांत मोठा वाटा तिथेच जातो. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच छपाईची प्रत वापरायची, हाही नियम, कारण नजरेला ओळीची जागा लक्षात राहते. आजही मला आयत आठवते तेव्हा ती पानाच्या उजव्या अंगाला होती की डाव्या, वर होती की खाली, हे आधी दिसतं.

सर्वांत कठीण असतात एकसारख्या आयती. सूरह बकरहची ४७ वी आणि १२२ वी आयत शब्दशः एक आहे. त्यांच्या पुढच्या ४८ आणि १२३ या आयतीही जवळजवळ सारख्याच. फरक इतकाच की ४८ मध्ये आधी शिफारशीचा उल्लेख येतो आणि मग मोबदल्याचा, तर १२३ मध्ये आधी मोबदल्याचा आणि मग शिफारशीचा. वाचणाऱ्याचं मन एक क्षण हललं की तो इस्राईलच्या वंशजांच्या लांबलचक हकिकतीतून निघून थेट इब्राहीम अलैहिस्सलामांच्या कसोटीवर पोचतो, पंचाहत्तर आयती मागे टाकून, आणि त्याला पत्ताही लागत नाही. तो पत्ता ऐकणाऱ्याला लागतो. म्हणून ऐकणारा लागतोच. हाफिज कितीही हुशार असो, स्वतःची चूक स्वतःला ऐकू येत नाही.

आमच्या घरात ऐकणारे तिघं होते. आईने नाजिरा केलेला, म्हणजे ती कुरआन पाहून वाचायला शिकलेली, पाठ नव्हता. इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर वुजू करून (हात-तोंड-पाय धुऊन) ती कुरआन उघडून बसे आणि बोट ओळीवर ठेवून माझं ऐके. मी अडखळले की लगेच सांगत नसे. बोट तिथेच थांबे, मी पाहत असे, आणि पुन्हा मागून सुरुवात करत असे. दादीला अक्षरओळख नव्हती. पण पोरवयापासून मशिदीच्या भिंतीपलीकडून आणि घरातून इतकं ऐकलेलं की कान तयार झाला होता. भिंतीला टेकून बसलेली ती एकदम म्हणे, "थांब गो, काल तू असा नाय वाचलास." आई पान पाही, आणि बहुतेक वेळा दादीचंच खरं निघे.

तिसरे अब्बा, सौदी अरेबियातल्या दम्मामला. त्या काळात फोन महाग. गावातलं कुणी सुट्टी संपवून परत निघालं की त्याच्या सामानात लोणचं, सुके बोंबील, तांदळाचं पीठ आणि माझ्या वाचनाची एक कॅसेट जाई. अब्बा कामावरून आल्यावर खोलीत कुरआन समोर घेऊन ती ऐकत आणि चुका पत्रातून कळवत. पत्राच्या सुरुवातीला सलाम, सर्वांची खुशाली, आणि मग खाली यादी : अमुक सूरह, अमुक आयत, इथे मद्द (स्वर लांबवणं) कमी खेचलास, इथे गुन्ना (नाकातून घुमणारा आवाज) राहिला. सूरह यूसुफच्या कॅसेटवर मात्र त्यांनी एकही चूक लिहिली नाही. पुढे सुट्टीवर आले तेव्हा आईला म्हणाले की बापाला मुलाची आठवण येते तिथे मी चुका बघायचंच विसरलो.

आज माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या घरी सगळं आहे. मोबाईलवर जगातल्या कोणत्याही कारींची (कुरआन पठण करणाऱ्यांची) तिलावत (पठण) आहे, पडद्यावर रंगीत तजवीद (उच्चाराचे नियम) आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर आखातातल्या आपल्या मुलांचे वर्गही फोनवरून चालू झाले, आणि जिथे मदरसा नाही तिथे ही मोठी सोय झाली हे खरंच आहे. पण रात्री समोर बसून अर्धा पारा ऐकणारं माणूस घरात नाही. फोन ऐकवतो, ऐकून घेणं हे माणसाने करायचं काम आहे. आईवडील मला विचारतात, मुलगी विसरते का हो? मी विचारते, तुमच्यापैकी कोण ऐकतं?

विसरण्याबद्दल प्रेषित मुहम्मद, हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, यांची हदीस (त्यांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. कुरआन पाठ असलेल्याची गत बांधलेल्या उंटांच्या मालकासारखी : लक्ष ठेवलं तर ते राहतील, मोकळे सोडले तर निघून जातील. मुलग्यांना शिकवणाऱ्या आमच्या हाफिजसाहेबांनी ही हदीस दस्तारबंदीच्या (हिफ्ज पूर्ण झालेल्यांना पगडी बांधण्याच्या) दिवशी सांगितली होती, आणि त्या दिवशी हार घातलेल्या मुलांपेक्षा पुढे बसलेल्या पालकांकडे बघून सांगितली होती.

मुलांना निदान रमजान असतो. तरावीहला (रमजानच्या रात्रींच्या नमाजला, जिच्यात पूर्ण कुरआन ऐकवतात) उभं राहायचं म्हणून शाबानपासून (आदल्या महिन्यापासून) दौर (उजळणी) सुरू होतो, मग रोज एक ते सव्वा पारा, मागे ऐकणारा दुसरा हाफिज, चुकलं की लुकमा (मागून सांगितलेली दुरुस्ती). सत्ताविसाव्या रात्री खत्म, म्हणजे कुरआन पूर्ण. हाफिजाचं काय? मशिदीत ती इमामत करणार नाही. तिचे तीस पारे लग्नानंतर स्वयंपाक, मुलं, नोकरी यांत हळूहळू निसटू लागतात आणि कुणाला कळतही नाही. याचा विचार आपांनी फार आधी केला होता. शाफई मजहबात बाईने बायकांची इमामत करणं मान्य आहे. ती पुरुष इमामासारखी पुढे न जाता ओळीच्या मध्ये उभी राहते. त्यानुसार आपांनी वाड्यातल्या एका ओटीवर बायकांची तरावीह सुरू केली आणि हिफ्ज झालेल्या मुलींना आळीपाळीने मध्ये उभं केलं. वाड्यातल्या ज्या बायकांनी उभ्या आयुष्यात तरावीहमध्ये पूर्ण कुरआन ऐकला नव्हता, त्यांनी तो आम्हा पोरींच्या तोंडून ऐकला. महिन्याच्या ज्या दिवसांत मुली तिलावत करत नाहीत, तेव्हाही आपा गैरहजर राहू देत नसत. बाजूला बसून इतरांचं ऐकायचं. कान कधी सुट्टीवर जात नाही, हे त्यांचं वाक्य.

हाफिजसाहेब उत्तरेकडचे, हनफी, म्हणजे दुसऱ्या मजहबाचे. आम्ही कोकणी शाफई. सतराव्या पाऱ्यात सूरह हजच्या शेवटाकडे समासात छापलेलं असतं की इथला सजदा (कपाळ जमिनीला टेकवणं) इमाम शाफईंच्या मते आहे. मुलांचं वाचन तिथे आलं की हाफिजसाहेब स्वतः थांबत आणि सांगत, "तुमचा सजदा आहे, करा." मुलं सजद्यात जात, ते शांत बसून राहत. मतभेद कसा सांभाळायचा, यावर मी पुढे कितीतरी बयानं ऐकली. माझ्या मनात मात्र हेच राहिलं आहे.

मुलींच्या हिफ्जला कमी लेखणाऱ्यांना आपा एक इतिहास सांगत, तो मी माझ्या मुलींनाही सांगते. पहिले खलीफा हजरत अबू बकर यांच्या खिलाफतीत यमामाच्या लढाईत कुरआन पाठ असलेले अनेक सहाबा (प्रेषितांचे साथी) शहीद झाले. तेव्हा हजरत उमर यांच्या सल्ल्याने कुरआन लिखित स्वरूपात एकत्र करण्याचं काम जैद बिन साबित यांच्यावर सोपवलं गेलं. ते संकलन आधी अबू बकर यांच्याजवळ, मग उमर यांच्याजवळ, आणि त्यांच्यानंतर त्यांची कन्या, उम्मुल मोमिनीन (प्रेषितांच्या पत्नी) हजरत हफ्सा यांच्याजवळ राहिलं. तिसरे खलीफा हजरत उस्मान यांनी पुढे प्रती करून ठिकठिकाणी पाठवल्या, त्यासाठी मूळ पानं हफ्सा यांच्याकडूनच मागवून घेतली होती. कुरआनची राखण एका स्त्रीच्या घरात झाली आहे. एवढं ऐकल्यावर मुलींच्या वर्गाला खोली हवी की नको यावर चर्चा उरू नये.

अर्थाबद्दलही लिहायला हवं. पाठांतरावर आक्षेप घेणारे विचारतात, न कळता पाठ करून काय उपयोग? माझा अनुभव असा की वय लहान असताना शब्द पक्के होतात आणि अर्थ आयुष्यभर येत राहतो. पण तो येण्यासाठी कुणीतरी दार उघडून द्यावं लागतं, हेही तितकंच खरं. सूरह माऊन, १०७ वी, सातच आयती. ती पाठ झाली त्या दिवशी आपांनी आम्हाला तिचा अर्थ मराठीत सांगितला : अनाथाला ढकलून देणारा, गरिबाच्या जेवणासाठी कुणाला न सांगणारा, नमाज पढूनही तिच्याबद्दल बेफिकीर राहणारा, दिखावा करणारा, आणि शेजाऱ्याला रोजच्या वापरातली साधी वस्तूही नाकारणारा. दुसऱ्या दिवशी सबक ऐकण्याआधी प्रत्येकीला विचारलं, काल घरातलं काय कुणाला दिलंत? कुणी विळी दिली होती, कुणी शिडी, कुणी सायकलचा पंप. ज्या मुलीच्या घरी देण्यासारखं काही नव्हतं तिने शेजारच्या म्हातारीचं पाणी भरलं होतं. तालीम म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हाच वर्ग सांगते.

प्रत्येक मुलाला हिफ्जला बसवावं, असं माझं मत नाही. नमाजपुरता कुरआन शुद्ध येणं प्रत्येकावर फर्ज (बंधनकारक) आहे. पूर्ण हिफ्ज ही फर्जे किफाया, समाजातल्या काहींनी करायची जबाबदारी. ज्याला आवड नाही त्याला मोहल्ल्यात मिरवण्यासाठी बसवू नका. त्याला नीट नाजिरा द्या, अर्थ द्या, अखलाक (चांगली वागणूक) द्या. छडीला तर या कामात जागाच नको. मार खाऊन पाठ केलेला पारा मूल मोठं झाल्यावर उघडत नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांचं फार वाईट वाटतं. आणि हिफ्जसाठी शाळा कायमची सोडवणं मला मान्य नाही. आपल्या मदरशाने वेळापत्रक नेहमी शाळेच्या घंटेभोवती आखलं. त्यामुळे इथले हाफिज आज जहाजावर इंजिनिअर आहेत, दवाखान्यात आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या जामियाने (मोठ्या मदरशाने) हिफ्जसोबत आधुनिक शिक्षणाच्या संस्था उभ्या केल्या, तेव्हा लोकांना नवल वाटलं. लहान प्रमाणात तेच आपल्या मदरशात आधीपासून चालू होतं. गणिताच्या वर्गात मला याचा उपयोग रोज होतो. लांब उदाहरणात धीर न सोडणं आणि सारख्या दिसणाऱ्या दोन पायऱ्यांतला फरक टिपणं, हे मी बकरहच्या त्या आयतींवरच शिकले.

समितीला दोन विनंत्या. महोत्सवाच्या निधीतून कमान आणि रंगरंगोटी करण्याआधी शिकवणाऱ्यांचं मानधन वाढवा. मुलाच्या शिकवणीची फी आपण महिन्याच्या महिन्याला न मागता देतो आणि मदरशाच्या उस्तादांना चार महिने थांबायला लावतो, हे बरं नाही. दुसरी विनंती पालकांसाठी. दर गुरुवारी रात्री इशानंतर आईवडिलांना नाजिरा पक्का करून देणारा वर्ग सुरू करा, म्हणजे घरी ऐकणारं माणूस तयार होईल. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी असते. आयांचा वर्ग मी घेईन, आणि ज्या हाफिजांचे पारे कच्चे झाले आहेत त्यांनी संकोच न करता आमच्या ओटीवर यावं. आपण पहिल्या पाऱ्यापासून दौर करू.