तुम्ही विचारलंत म्हणून: बीटीचं विष मातीत उरतं का?

तलावपाळीवर संध्याकाळी भेटणाऱ्यांत अकोला-यवतमाळकडचे बरेच जण आहेत. बिऱ्हाड ठाण्यात, शेती गावाकडे. मी मृदाशास्त्र शिकवायचो हे कळलं की प्रश्न ठरलेला: "सर, बीटी कपाशीचं विष जमिनीत साठत जातं का हो?"

थोडा काळ उरतं. किती, ते मातीवर अवलंबून.

हे विष म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस (बीटी) या जिवाणूचं क्राय प्रथिन; त्या जिवाणूचं जनुक घातल्यामुळे ते कपाशीतच तयार होतं. अळीच्या आतड्याला ते भोकं पाडतं. माणसाच्या आतड्यात त्याला धरायला जागाच नसते. बीटी मक्याची मुळं ते जमिनीत सोडतात, हे 1999 साली दिसलं. कपाशीच्या बाबतीत मात्र पाला आणि मुळं कुजताना ते मातीत मिसळतं.

न्यूयॉर्क विद्यापीठात गुंथर स्टॉट्झ्की आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन चिकणमातीच्या खनिजांत मिसळून पाहिलं. अर्ध्या तासाच्या आत ते चिकटलं, आणि धुतल्यावर थोडंच सुटलं. त्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाण्यात फुगतं, तेव्हा प्रथिन त्याच्या थरांत शिरत असेल असं कुणालाही वाटेल. क्ष-किरणांनी पाहिलं तर थरांमधलं अंतर वाढलेलं नव्हतं. सगळा कारभार बाहेरच्या पृष्ठावर. असं चिकटलेलं प्रथिन सूक्ष्मजीवांना सहज खाता येत नाही, पण अळीला मारायची धार त्यात राहते. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. (तपासणीवाल्यांची पंचाईतही इथेच होते. मातीतून प्रथिन सुटून द्रावणात आलं नाही तर अहवालात शून्य दिसू शकतं. म्हणून माती अळ्यांना खाऊ घालूनही बघतात.)

आता तुमची काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट भरपूर, म्हणजे विष तिथेच जास्त टिकणार, असा हिशेब तुम्ही करणार. 1998 सालच्या प्रयोगात उलटं दिसलं. केओलिनाइट (चिकणमातीचंच, पण न फुगणारं खनिज) मिसळलेल्या, सामू (पीएच) 5च्या आसपास म्हणजे आम्ल असलेल्या मातीत विषाची धार 234 दिवसांनंतरही होती, आणि प्रयोगच तिथे थांबला होता. मॉन्टमोरिलोनाइटवाल्या, उदासीनकडे झुकणाऱ्या मातीत ती महिन्याभरानंतर बरीच उतरली. केओलिनाइटच्या मातीत चुना घालून सामू 7वर नेला, तर तिथेही उतरली. आम्लता कमी झाली की सूक्ष्मजीवांना जोर चढतो. विदर्भातली काळी माती बहुधा अल्कधर्मीच, तेव्हा माझा अंदाज असा की तुमच्या वावरापेक्षा कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल मातीत ते जास्त रेंगाळेल.

शिवाय अमेरिकेत सलग काही वर्षं बीटी कपाशी घेतलेल्या शेतांची माती तपासली, त्याचे निष्कर्ष 2002 साली आले. प्रथिन सापडलं नाही, अळ्यांवर परिणामही नाही. वर्षागणिक थर चढत जातो, या भीतीला मी म्हणूनच फारशी किंमत देत नाही.

गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानत नाही, ती काळजी वेगळी आणि जास्त खरी. हंगाम संपला की पऱ्हाट्या (कपाशीची उभी झाडं) वेळेवर उपटा. कपाशीची फरदड, म्हणजे हंगामानंतर त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेऊ नका.