ट्रेब्बियाच्या खोऱ्यात, खेचरांच्या वाटेवर

उत्तर इटलीतल्या पिआचेन्झाला राहायला आलो तो पहिला हिवाळा मी सगळा सपाटीवर धावून काढला. पो नदीचं मैदान चहूकडे ताटासारखं पसरलेलं, आणि डिसेंबर-जानेवारीत त्यावर धुकं इतकं दाट उतरतं की समोरून येणारी सायकल घंटी वाजल्यावरच कळते. त्या सायकलींवर पुष्कळदा पंजाबी माणसं असतात. या पट्ट्यातल्या गोठ्यांमध्ये, जिथल्या दुधाचं ग्राना पादानो चीज होतं तिथे, पहाटेची धार काढायचं काम कितीतरी पंजाबी कुटुंबांनी उचललं आहे. अंधारात एक काका रोज भेटायचे. मी नमस्कार करायची, ते ‘सत श्री अकाल, बेटा’ म्हणायचे आणि दोघं आपापल्या दिशेला धुक्यात शिरायचो. मला त्या नमस्काराचा फार आधार होता.

पण पाय कुरकुरत होते. मी साताऱ्याची. यवतेश्वरचा घाट चढत कासच्या रस्त्याला लागायचं आणि मग उतरून घरी यायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. चढ नसलेलं धावणं मला अळणी लागायचं. मार्चमध्ये धुकं उठलं तेव्हा शेजारच्या सिन्योरांनी दक्षिणेला बोट दाखवलं आणि म्हणाल्या, डोंगर तिकडे आहेत, नदीचा हात धरून जा.

ती नदी म्हणजे ट्रेब्बिया. लिगुरिया प्रांताच्या डोंगरात उगम पावते, जेनोव्हाचा समुद्र तिच्या जन्मस्थानापासून हाकेच्या अंतरावर, तरी ती समुद्राकडे पाठ फिरवते आणि उत्तरेला शंभराहून अधिक किलोमीटर वळणं घेत येऊन पिआचेन्झाजवळ पोला मिळते. महाबळेश्वरला उगम पावून पश्चिमेच्या समुद्राला पाठ दाखवणारी कृष्णा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. साम्य एवढ्यावर थांबत नाही. ट्रेब्बियाच्या ब्रुन्येतो नावाच्या उपनदीवर धरण आहे आणि त्याचं पाणी डोंगरापलीकडे जेनोव्हा शहराला जातं, जसं कोयनेचं पाणी वीज करून चिपळूणकडे उतरतं. उन्हाळ्यात खाली पिआचेन्झाच्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात ते पाणी सारखं येतं. नदी कोणाची, हा वाद मी घरून घेऊनच आले होते.

सुरुवात करणाऱ्याने रिव्हेर्गारोपर्यंतचा खालचा टप्पा धरावा. तिथवर नदीचं पात्र रुंद, पांढऱ्या गोट्यांचं, आणि 2009 पासून हा पट्टा नदीचं प्रादेशिक उद्यान म्हणून राखलेला आहे. कच्च्या सपाट वाटा, पॉप्लरची झाडं, गुडघ्यांना त्रास नाही. याच खालच्या भागात कुठेतरी ख्रिस्तपूर्व 218 च्या डिसेंबरात कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्याला उपाशीपोटी, गोठवणाऱ्या पाण्यातून नदी ओलांडायला भाग पाडलं आणि पलीकडे थिजलेल्या माणसांना गाठून मारलं. मी एप्रिलच्या एका सकाळी जोडे हातात घेऊन घोट्याइतक्या पाण्यातून गेले. पलीकडे पोचेपर्यंत बोटं जाणवेनाशी झाली होती, तेव्हा शाळेत पाठ केलेली ती लढाई मला पहिल्यांदा कळली.

खरं खोरं मात्र बोब्बिओला. पिआचेन्झापासून साधारण 45 किलोमीटर वर, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात तिथे हे दगडी गाव आहे. आयर्लंडहून आलेल्या कोलुम्बानुस या साधूने 614 मध्ये इथे मठ स्थापला, पुढच्याच वर्षी तो वारला, आणि त्याच्यामागे या आडगावातल्या मठात शतकानुशतकं हस्तलिखितांच्या नकला होत राहिल्या. गावाचा कुबड्या पूल, पोन्ते गोब्बो, हे माझं धावायला सुटायचं ठिकाण. 273 मीटर लांब, अकरा कमानी, एकही दुसरीसारखी नाही, त्यामुळे पूल लाटेसारखा वर-खाली होतो. लोक सांगतात, साधूसाठी तो सैतानाने एका रात्रीत बांधला. कमानी तोलून धरणारी भुतं लहानमोठी होती म्हणून कमानीही लहानमोठ्या. पहाटे त्या कुबडांवरून धावताना पावलांचा ताल आपोआप बदलतो, आणि खाली पाणी हिरवंगार, इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत.

पुलापलीकडे चढ सुरू होतो आणि इथे ‘जॉगिंग ट्रॅक’ हा शब्द विसरायचा. या वाटा धावण्यासाठी कोणी केलेल्या नाहीत. ‘मुलात्तिएरा’ म्हणतात त्यांना, म्हणजे खेचरांची वाट. धान्य, मीठ, लाकूड, चेस्टनटची पोती लादलेली खेचरं एका वाडीवरून दुसरीवर जायची. म्हणून चढ खेचराच्या दमाने बेतलेला, वळणावर दगडी फरसबंदी, आणि कडेला चुना-माती न लावता नुसते दगड बसवून रचलेली आधाराची भिंत. गडांच्या पायवाटांवर वाढलेल्या माणसाला ते रचलेले दगड पाहून भरून येतं. अशा कोरड्या रचाईच्या कलेला 2018 मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं, इटलीसह युरोपातल्या आठ देशांची म्हणून. याच डोंगरांतून मठाची माणसं पोन्त्रेमोलीमार्गे रोमकडे जायची. त्या मार्गाला आजही मठाधिपतींची वाट, व्हिया देल्यी अबाती, म्हणतात.

वाट चुकायची भीती फारशी नसते. झाडांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे असतात. 1863 मध्ये स्थापन झालेल्या इटालियन अल्पाइन क्लबची ती खूण. पट्टा दिसेनासा झाला की शेवटच्या पट्ट्यापाशी परत यायचं, हा नियम मी कधी मोडत नाही. उन्हाळ्यात उंच गवतातून आलं की घरी आल्याबरोबर गोचिडी तपासायच्या, गुडघ्यामागे आणि केसांत नक्की. पाऊस पडून गेला असेल तर चिकणमातीचे उतार टाळायचे. आपल्याकडच्या काळ्या मातीसारखीच ती जोड्याला धरते, दर पावलाला पाय जड. आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. रानडुकरांमागे कुत्री सोडलेली असतात, बंदुकांचे बार ऐकू येतात. मंगळवार आणि शुक्रवार मात्र देशभर शिकार बंद असते, कायद्यानेच. म्हणून त्या महिन्यांत माझ्या डोंगराच्या फेऱ्या शुक्रवारच्या. मंगळवारच्या म्हणाल तर कामामुळे जमत नाही.

सगळ्यात लाडकी जागा विचाराल तर पिएत्रा पार्चेल्लारा. हिरव्या मऊ टेकड्यांमधून अचानक उभा राहिलेला काळा सुळका, 836 मीटर. पहिल्यांदा लांबून पाहिला तेव्हा मी मोठ्याने ‘अगं बाई, हा तर आपला!’ म्हणाले. पण तो आपला नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट जमिनीवर वाहिलेल्या लाव्ह्याचा. पार्चेल्लारा म्हणजे एका जुन्या महासागराच्या तळाचा तुकडा, इथला आपेनिन डोंगर उचलला जाताना सोबत वर आलेला. जवळच पेर्दूका नावाचा धाकटा खडक आहे, त्याच्या माथ्यावर दगडात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांत ट्रायटन नावाचे शेपटीवाले बेडकांचे भाऊबंद. पेर्दूकापासून पार्चेल्लारापर्यंतची वाट धारेवरून जाते. माथ्याला हात टेकून चढावं लागतं, तिथे मी घड्याळ बंद करते.

या वाटांवर जे मनाला लागतं ते निराळंच. धावता धावता बंद घरं लागतात. एखादी अख्खी वाडी, दारांना कुलपं, चुलीचं धुराडं पडलेलं, अंगणात अंजिराला फळं लगडलेली आणि खाणारं कोणी नाही. या डोंगरांतली माणसं मिलानला, जेनोव्हाला, पॅरिस-लंडनला पोटासाठी गेली. पूर्वी हिवाळाभर चेस्टनटच्या पिठावर जगणारी ही गावं आता ऑगस्टपुरती उघडतात. पंधरा ऑगस्टच्या फेरागोस्तो या इटालियन सणाला खिडक्या धडाधड उघडतात, लांब टेबलं मांडली जातात, नातवंडं फ्रेंचमध्ये ओरडत पळतात. जावळीच्या खोऱ्यातल्या माझ्या आजोळीही असंच आहे. यात्रेला मुंबईहून गाड्या भरून येतात आणि आठवड्यात पुन्हा आजी, कुत्रं आणि सामसूम. साडेसहा हजार किलोमीटरवर तीच कुलपं पाहून एकदा मी एका पायरीवर बसून रडले आहे.

गेल्या ऑक्टोबरात अशाच एका वाडीवर एक आजोबा भेटले. ऐंशीच्या पुढचे, हातात ‘रोंकोला’, म्हणजे आपल्या कोयत्याची सख्खी बहीण. वाटेवर आलेल्या काटेरी ब्लॅकबेरीच्या वेली तोडत होते. मी म्हटलं, ‘बोन्जोर्नो, सिन्योरे, हे काम नगरपालिका नाही करत?’ ते वाकलेलेच म्हणाले, ‘तू धावतेस ना इथून? मग तुझ्यासाठीच करतोय. दोन उन्हाळे कोणी फिरकलं नाही तर हे काटे तुझ्या डोक्यावर जातील.’ तरुणपणी याच वाटेने ते शाळेत जायचे, खेचराच्या मागे. तो दिवस माझ्या मनात बसला. मी इतके दिवस या वाटा कोणीतरी दिल्यासारख्या वापरत होते, आणि त्या एका म्हाताऱ्या मनगटावर उघड्या राहिल्या होत्या.

तेव्हापासून माझ्या पाठपिशवीत पाण्याच्या बाटलीशेजारी बागेची एक मजबूत कात्री असते. प्रत्येक फेरीत दहा मिनिटं थांबायचं आणि एका वळणावरचे काटे कापायचे. वेळ बिघडतो, बिघडू दे. मागच्या शुक्रवारी आजोबांनी माझं काम पाहिलं, कापलेल्या वेलीचा खुंट बोटाने उचलून दाखवला आणि मान हलवली. ‘अजून खाली. मुळापाशी काप, नाहीतर पावसाळ्यानंतर दुप्पट येईल.’ मग स्वतः गुडघे टेकून एक वेल कापून दाखवली, आणि दुसरी माझ्याकडून कापून घेतली.