तुम्ही विचारलंत म्हणून: हातमोजा बोलतो, तरी पुरत नाही

“कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेतल्या खुणा ओळखून बोलणारा हातमोजा विद्यार्थीसुद्धा बनवतात, मग तो घरोघरी का नाही?” दर वेळी हाच प्रश्न, सोबत एक व्हिडिओ. व्हिडिओ खोटा नसतो. बोटांवर पाच फ्लेक्स सेन्सर (वाकणं मोजणाऱ्या पट्ट्या), हाताच्या पाठीवर हालचाल आणि वळणं टिपणारे अ‍ॅक्सिलरोमीटर आणि जायरो, आणि हे सगळं वाचणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक. एवढ्यावर वीसेक ठरावीक खुणा नीट ओळखता येतात.

अडतं ते पुढे. फ्लेक्स सेन्सरची पट्टी फक्त वाकणं मोजते: सरळ असताना तिचा विद्युतरोध साधारण १० किलोओहम, पूर्ण वाकली की निदान दुप्पट. आता अमेरिकन सांकेतिक भाषेतली यू, व्ही आणि आर ही अक्षरं घ्या. तिन्हींत तर्जनी आणि मधलं बोट ताठ. यूमध्ये ती जुळलेली, व्हीमध्ये फाकलेली, आरमध्ये एकमेकांवर चढवलेली. पट्ट्यांना तिन्ही जवळपास सारखीच. मग बोटांच्या कडांना वीज वाहून नेणारं कापड शिवायचं: टेकलं तर यू, नाही तर व्ही. आरसाठी तर्जनीच्या नखाच्या बाजूला आणखी एक तुकडा. मोजा जरा सरकला की हेही चुकतं. पट्टी दोन्ही टोकांना शिवली तर मूठ वळताना ताणते, म्हणून पिनांकडचं (तारा जोडायचं) टोक पक्कं आणि दुसरं खोबणीत मोकळं ठेवायचं. पिनांच्या जोडापाशी वाकू दिली तर तिथेच तुटते. शिवाय मोजा घातला की दर वेळी मूठ आणि उघडा पंजा दाखवून कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे सेन्सरची मापं त्या हाताशी जुळवून घ्यायची.

हे सगळं सुधारता येतं, म्हणून पूर्वी माझा हट्ट होता: सेन्सर वाढवा, भाषा हाती येईल. तो चुकीचा होता. अमेरिकन सांकेतिक भाषेत हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात, मान हलवून नकार देतात. हातांच्या खुणा त्याच राहू शकतात. मोज्याला चेहरा दिसत नाही.

२०१६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या ‘साइनअलाउड’ या अशाच मोज्यांना विद्यार्थी संशोधकांसाठीचं लेमेल्सन-एमआयटीचं १०,००० डॉलरचं पारितोषिक मिळालं. भरपूर कौतुक झालं. मग त्याच विद्यापीठातल्या सांकेतिक भाषेच्या शिक्षकांनी आणि भाषाशास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून आक्षेप घेतला. चेहरा आणि शरीर वगळून भाषांतर होत नाही, हा त्यातला मुद्दा तंत्राचा म्हणून पटकन पटतो. ज्यांच्यासाठी मोजा, त्या कर्णबधिरांना काय हवं हे आधी विचारायला हवं होतं, हा दुसरा मुद्दा मात्र सेन्सर बदलून सुटत नाही. मोजा त्यांनीच घालायचा, आणि समोरच्याचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवायला त्यात काहीच नाही!

तरीही अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दहा खुणांनी मदत मागायला मोजा उपयोगी पडेल, असं मला अजून वाटतं. मग दहा बटणंच का नकोत, असं कुणी विचारलं तर पटेल असं उत्तर माझ्यापाशी नाही.