ताशी किती नॉट?

जहाजावर नोकरी करतो म्हटलं की गावाकडे हमखास विचारतात, "ताशी किती नॉट?" त्यातला 'ताशी' नको, नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, १८५२ मीटर. आमचं मालवाहू जहाज बारा नॉटने जातं, म्हणजे जेमतेम बावीस किलोमीटर. एसटीसुद्धा मागे टाकेल!

नॉट म्हणजे इंग्रजीत गाठ. शिडांच्या काळी वेग मोजायच्या दोरीला खरोखरच गाठी असत, ४७ फूट ३ इंचांवर एकेक. टोकाच्या लाकडी फळीला खाली शिसं, म्हणजे ती पाण्यात उभी राहते. फळी मागे सोडायची, २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि हातातून सरसर सुटणाऱ्या गाठी मोजायच्या; जितक्या गाठी, तितके नॉट. दोरी आटली की वेग उगाच जास्त दिसणार. आता जीपीएस आहे, पण बोलाईन गाठ, म्हणजे दोरीच्या टोकाला न सरकणारा फास करणारी गाठ, अजून हातानेच मारावी लागते.